नाव न सांगता मत मांडायचं तर: गावात राहून लिहिणाऱ्या नवख्यांसाठी

गोदाकाठच्या आमच्या गावात एका डी.एड. झालेल्या पोरानं टोपणनावानं खातं काढलं होतं. विषय साधाच होता. जलजीवन या सरकारी नळयोजनेची पाइपलाइन कागदावर पूर्ण झालेली आणि नळाला पाणी नाही. तीन दिवसांत पोरगा सापडला. त्यासाठी कोणी सायबर तज्ज्ञ बोलावला नव्हता. खात्यावर त्याचा मोबाइल नंबर दिसत होता. कोणीतरी तो नंबर पैसे पाठवायच्या ॲपमध्ये टाकला आणि बँकेतलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, समोर आलं. एक रुपयासुद्धा पाठवावा लागला नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्या वडिलांना सोसायटीत बोलावून सांगितलं, "तात्या, पोराला आवरा." त्या हंगामात त्यांच्या उसाची तोड सगळ्यात शेवटी आली. तोवर उसाला तुरे आले होते आणि वजन घटलं होतं.

पोलिस नाहीत, गुन्हा नाही, नोटीस नाही. मराठवाड्यात राजकीय मत मांडणाऱ्या बहुतेकांना शिक्षा होते ती अशी. तोड लांबते, घरकुलाच्या यादीत नाव खाली सरकतं, विनाअनुदानित शाळेतल्या मास्तरचा पगार दोन महिने पुढं जातो. यातलं काहीच लेखी नसतं, म्हणून कुठं दादही मागता येत नाही. या लेखात मी सांगतो आहे ते या शिक्षेपासून वाचण्यासाठी. तुमचं वाक्य आणि तुमच्या घरातली चूल यांच्यातला धागा तोडायचा आहे.

कोणापासून लपायचं, ते आधी ठरवा

एक कागद घ्या. माझं नाव कळलं तर माझं नुकसान कोण करू शकतं, त्यांची नावं किंवा पदं त्यावर लिहा. भावकी, सरपंच, सोसायटीचा चेअरमन, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा कारखान्याचा स्लिपबॉय, संस्थाचालक, मुकादम, पक्षाची पोरं. बहुतेकांची यादी इथंच संपते. आता त्या प्रत्येकापुढं लिहा की हा माणूस मला कशावरून ओळखेल. नंबरावरून? फोटोवरून? बोलण्यावरून? की ही गोष्ट गावात चौघांनाच माहीत आहे यावरून? लिहून झालं की कागद जाळून टाका, पण डोक्यात ठेवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या यादीवरच उभ्या आहेत.

पोलिस आणि न्यायालय यांचा हिशेब वेगळा आहे आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे. त्यांच्यापासून लपता येईल अशा भ्रमात राहू नका. इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांना वापराच्या नोंदी निदान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे तपास यंत्रणेनं लेखी मागणी केली तर समाजमाध्यमांच्या कंपन्यांना ७२ तासांत माहिती द्यावी लागते. कायदेशीर मागणी आली तर नंबर आणि आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक) देऊ, असं टेलिग्रामनंही सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं. म्हणून माझा नियम सरळ आहे. न्यायाधीशासमोर स्वतःच्या नावानं उभं राहून जे वाक्य म्हणायची तयारी आहे, तेच टोपणनावानं लिहायचं. टोपणनाव गावापासून वाचण्यासाठी आहे.

हे कायद्यात बसतं का?

बसतं. टोपणनावानं लिहू नये असा कोणताही कायदा नाही. आपल्या भाषेत तर ही जुनी रीत आहे. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. त्यांनी १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात समाजाला झोंबणारी पत्रं लिहिली ती 'लोकहितवादी' या नावानं. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या काळी 'गश्ती नंबर ५३' मुळं परवानगीशिवाय सभाही घेता येत नव्हती. तोंड उघडायला परवानगी लागण्याचा अर्थ आपल्या आजोबा-पणजोबांना चांगला ठाऊक होता.

आणि आपण सगळे दर पाच वर्षांनी निनावीच मत देतो की. मत गुप्त ठेवायची जबाबदारी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२८ नं मतदान कर्मचाऱ्यांवर टाकली आहे. त्यातही एक फट आहेच. निकालाच्या फॉर्म २० मध्ये बूथवार आकडे येतात आणि तांड्यावरचं बूथ कोणाकडं झुकलं ते गावाला लगेच कळतं. माणूस गुप्त राहतो, पण वस्ती उघडी पडते. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

संविधानाच्या कलम १९(१)(क) नं बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं आणि १९(२) नं त्याच्या मर्यादा सांगितल्या. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी, न्यायालयाचा अवमान वगैरे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका पोस्टपायी अटक झाली. एकीनं लिहिलं होतं आणि दुसरीनं फक्त लाइक केलं होतं. त्यानंतर श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला आयटी कायद्याचं कलम ६६अ रद्द केलं. आजही कोणी तुम्हाला ६६अ ची भीती घातली तर ते कलम मेलेलं आहे असं शांतपणे सांगा. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मार्च २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकावर व्हॉट्सॲप स्टेटसवरून दाखल झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करणं, कलम ३७० हटवण्यावरसुद्धा, हा नागरिकाचा हक्क आहे असं त्यात म्हटलं आहे.

आता एक थांबायची जागा. तुम्ही सरकारी नोकर किंवा जिल्हा परिषदेचे शिक्षक असाल तर तुमचं गणित वेगळं आहे. राज्य कर्मचाऱ्यांना १९७९ चे आणि जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत. शासनाच्या धोरणावर टीका त्यात बसत नाही आणि जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारनं समाजमाध्यमांबद्दल वेगळा शासन निर्णयही काढला. टोपणनाव घेतलं म्हणून हे नियम सुटत नाहीत. हे नियम मला पटत नाहीत. ज्या मास्तरला शाळेची गळती डोळ्यांनी दिसते त्यालाच गप्प बसवायचं, हे मला चुकीचं वाटतं. पण तुमच्या नोकरीवर मी माझं मत लादणार नाही. निर्णय तुम्ही डोळे उघडे ठेवून घ्या.

खातं काढताना

व्हॉट्सॲप या कामाचं नाही. गटातल्या सगळ्यांना नंबर दिसतो, विषय संपला. तुमचं लिखाण दुसरं कोणी गटात टाकू शकतं, तुम्ही स्वतः टाकू नका.

एक्स, इन्स्टाग्राम, टेलिग्राम, रेडिट यांपैकी काहीही घ्या, पण क्रम असा ठेवा. आधी नवीन ईमेल. त्यात खरं नाव, जन्मसाल, गाव काही नको, आणि पूर्वी कुठं वापरलेलं टोपणनावही नको. कॉलेजात असताना ज्या नावानं गेम खेळायचात तेच नाव वापरलंत तर वर्गमित्र दुसऱ्या दिवशी ओळखतील.

नंबर मागितला तर दुसरं सिम घ्या, आणि ते स्वतःच्याच नावावर घ्या. दुसऱ्याच्या आधारवर किंवा खोट्या कागदावर सिम घेणं २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. एका ट्विटपायी हा धोका कोणी पत्करू नये. स्वतःच्या नावावरचं सिम पोलिसांना दिसेल, पण सरपंचाला दिसणार नाही, आणि आपल्याला हवं आहे तेवढंच. फक्त ते सिम गावातल्या दुकानात घेऊ नका, तालुक्याला किंवा जिल्ह्याला घ्या. त्या नंबरावर बँक नको, यूपीआय नको, व्हॉट्सॲप नको, गॅस बुकिंग नको. कोणालाही त्यावरून फोन लावू नका. एकदा मावशीला लावलात तरी तो नंबर तिच्या फोनमध्ये तुमच्या नावानं जतन होतो, आणि नंबर ओळखणारी ॲपं तिथूनच नाव उचलतात.

खातं उघडताना ॲप 'संपर्क वाचू द्यायचे का' असं विचारतं. नाही म्हणा. हो म्हणालात तर 'तुमच्या ओळखीचे असतील' म्हणून ॲप तुमचं गुप्त खातं तुमच्याच चुलत्याला सुचवतं. नंबरावरून किंवा ईमेलवरून शोधू देण्याची सोयही सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. टेलिग्रामवर नंबर 'कोणालाही नाही' असा ठेवा. दोन टप्प्यांची सुरक्षा लावा.

सगळ्यात जास्त माणसं कशानं उघडी पडतात सांगू? एकाच ॲपमध्ये दोन खाती ठेवल्यानं. रात्री झोपेत टोपणनावाचं वाक्य खऱ्या नावाच्या खात्यावरून जातं, आणि पुसेपर्यंत कोणीतरी स्क्रीनशॉट काढलेला असतो. म्हणून खऱ्या नावाचं खातं ॲपमध्ये ठेवा आणि टोपणनावाचं फक्त ब्राउझरमध्ये, तेही वेगळ्या ब्राउझरमध्ये. त्या खात्याच्या सूचना बंद ठेवा. घरात फोन पोरांच्या हातात जातो, पाहुण्यांच्या हातात जातो. स्क्रीनवर वरून टपकलेली एक सूचना पुरते.

मग स्वतःच स्वतःचा शोध घ्या. नवा नंबर पैसे पाठवायच्या दोन-तीन ॲपमध्ये टाकून पाहा, नाव यायला नको. खात्याच्या प्रवेशाच्या पानावर 'पासवर्ड विसरलो' दाबा आणि ईमेल-नंबरची कोणती अक्षरं दिसतात ते पाहा. त्या पोराला दुसरं खातं काढून दिलं तेव्हा आम्ही तालुक्याच्या बसस्थानकात बाकावर बसून आधी हेच केलं. पाऊण तास गेला आणि एक बस चुकली, पण ते खातं अजून चालू आहे.

व्हीपीएनबद्दल, म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमधून झाकून नेणाऱ्या सेवेबद्दल, नवखे फार विचारतात. संस्थेच्या किंवा हॉटेलच्या वायफायवरून लिहायचं असेल तर त्याचा उपयोग होतो, कारण तुम्ही कोणती साइट पाहता हे त्या वायफायच्या मालकाला दिसत नाही. गावापासून लपायला त्याचा काडीचा उपयोग नाही. फुकटच्या व्हीपीएनपासून लांब राहा. केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या, म्हणजे सर्ट-इनच्या, एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा अनेक कंपन्यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. ज्यांना याहून जास्त हवं त्यांनी आयपी पत्ता लपवणारा टॉर ब्राउझर शिकून घ्यावा. बाकीच्यांनी संस्थेच्या वायफायऐवजी स्वतःचा डेटा वापरला तरी भागतं.

फोटो आणि कागद

कॅमेऱ्यातलं 'ठिकाण' बंद करा. फोटोच्या आत वेळ, फोनचं मॉडेल आणि ठिकाण लिहिलेलं असतं. नेहमीसारखा फोटो पाठवला तर बरीच ॲपं ते पुसतात, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की सगळं तसंच जातं. सोपा उपाय म्हणजे फोटो उघडा, त्याचा स्क्रीनशॉट घ्या, वरची पट्टी कापा आणि मग टाका. वरच्या पट्टीत कोणत्या कंपनीचं सिम, किती टक्के बॅटरी, कोणाचा मेसेज हे सगळं दिसतं.

मग फोटोकडं शत्रूच्या नजरेनं पाहा. मागं पाण्याची टाकी आहे का? गावात टाकी एकच असते. विजेच्या खांबावरचा नंबर, ट्रॅक्टरची पाटी, मंदिराचा कळस, काचेच्या दारात दिसणारं तुमचंच प्रतिबिंब. खड्ड्याचा फोटो कोणाच्या ओसरीवरून काढला आहे हेही कोनावरून कळतं. आमच्याकडं एकदा नालीचा फोटो फिरला, तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी दोन मिनिटांत घर ओळखलं, कारण त्या बाजूनं नाली दिसेल अशी गच्ची एकच आहे. फोटो काढायला दुसऱ्याच्या घरासमोर उभे राहिलात तर त्या बिचाऱ्यावर संशय येतो, म्हणून तेही करू नका. सरळ सार्वजनिक रस्त्यावरून काढा.

कागदांचं त्याहून नाजूक आहे. हातात आलेलं बिल, ठराव, यादी टाकण्याआधी विचारा की हा कागद किती जणांकडं आहे. चौघांकडं असेल तर तुम्ही चौघांतले एक झालात. माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर कारण सांगावं लागत नाही, पण नाव-पत्ता द्यावा लागतो, आणि मिळालेल्या कागदावर जावक क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून अर्जदार सापडतो.

म्हणून उघड्यावर असलेली माहिती वापरा. ई-ग्रामस्वराजच्या संकेतस्थळावर ग्रामपंचायतीचा आराखडा आणि झालेला खर्च दिसतो. रोजगार हमीचं मस्टर दिसतं. जलजीवनच्या डॅशबोर्डवर तुमच्या गावात किती घरांना नळ दिले असं लिहिलं आहे ते दिसतं. तिथला आकडा घ्या, खाली लिहा 'संकेतस्थळावर असं आहे, गावात तसं नाही', आणि थांबा. हे पान जगात कोणीही उघडू शकतं, त्यामुळं उघडणारा तुम्हीच होतात हे सांगता येत नाही. शिवाय आकडा सरकारचाच असल्यामुळं बदनामीचा दावा लावणाऱ्याचीही पंचाईत होते. निनावी लिहिणाऱ्यासाठी यापेक्षा पक्कं काही मला सापडलेलं नाही.

तुमची बोली

मला स्वतःला एका शब्दानं पकडून दिलं. पाण्याच्या वेळेबद्दल मी लिहिलं होतं, 'येरवाळी पाणी सोडलं तर बायांना शाळेच्या डब्याआधी भरून ठेवता येईल.' येरवाळी म्हणजे लवकर. दुसऱ्या दिवशी मामेभावाचा फोन. "दादा, ते तूच लिहायलास ना?" मी म्हणालो कशावरून. तर म्हणाला, "येरवाळी. आजी म्हणायची तसं आता तूच म्हणतोस." तो घरचा होता म्हणून निभावलं.

बोलीइतका जवळचा पुरावा नाही. 'करायलाव, जायलाव' लिहिलंत की माणूस मराठवाड्यातला हे कळतं. त्यातही लातूरकडचा वेगळा, नांदेडकडचा वेगळा. घरात दखनी उर्दूची ये-जा असेल तर तेही उमटतं. त्यावर तुमच्या खास सवयी असतात. दोन वाक्यांमध्ये तीन टिंबं देणं, 'की' ऐवजी 'कि' लिहिणं, दरवेळी हात जोडलेली खूण टाकणं, 'काय म्हणता' नं सुरुवात करणं. गावाच्या गटात तुमचे पाच वर्षांचे मेसेज पडून आहेत. जुळवायला कोणाला अवघड नाही.

उपाय मला मनापासून आवडत नाही, तरी सांगतो. गावाच्या कारभारावर लिहिताना वर्तमानपत्रासारखं लिहा. छोटी वाक्यं, कोरडे शब्द. एकदा लिहून बाजूला ठेवा, संध्याकाळी परत वाचा आणि तुमच्या तोंडचा वाटेल तो शब्द काढा. आपल्या मातीतलं राजकीय बोलणं आपल्याच बोलीत येऊ नये ही मोठी हानी आहे. म्हणून राज्याचं धोरण, सोयाबीनचा भाव, पीकविमा, वॉटर ग्रीड, आरक्षण असल्या विषयांवर लिहिताना बोली सोडू नका. तिथं तुमच्यासारखं बोलणारे हजारो आहेत, त्यांच्यात तुम्ही दिसत नाही. बूथाच्या आकड्यासारखंच आहे हे. गर्दी जितकी मोठी तितका माणूस सुरक्षित.

वेळ

ग्रामसभा झाली की त्याच रात्री लिहू नका. सभेत कोण होतं, कोण फोन काढून बसलं होतं, सगळ्यांना आठवत असतं. चार दिवस जाऊ द्या. लाइट गेल्याबरोबर फीडरवर टीका केलीत तर त्या फीडरवरच्या लोकांतले तुम्ही एक ठरता. रोज रात्री दहा ते अकरा या वेळेतच लिहीत असाल, आणि नेमकी तेव्हाच शेतावर मोटार चालू करायला जागत असाल, तर तेही कोणीतरी जुळवतं. ज्यांना पोस्ट आधी लिहून नंतरच्या वेळेला लावता येते त्यांनी तसं करावं.

माणसं

कोणाला सांगू नका. जिवलग मित्रालाही नाही. तो दगा देईल म्हणून नव्हे. पोस्ट गाजली की चहाच्या टपरीवर त्याला तुमचा अभिमान वाटेल, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते दिसेल. सांगायचंच असेल तर एकाच माणसाला सांगा, जो तुम्हाला काही झालं तर वकिलाकडं जाईल. स्वतःच्या पोस्टला खऱ्या खात्यावरून लाइक करू नका. गटात ती पोस्ट आली आणि लोक 'कोण असेल हा' म्हणू लागले तर अंदाज लावायला पुढं येऊ नका.

हे मात्र लिहायचं नाही

इथं मी आग्रहानं बोलणार आहे. नाव झाकलं की जीभ सैल होते, हे मी पाहिलं आहे. वर बसलेल्याला प्रश्न विचारायला टोपणनाव घ्या. शेजारच्या मुलीच्या चारित्र्यावर, दुसऱ्या जातीच्या वस्तीवर लिहायला घेतलंत तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

आपल्या भागाला जखमा आहेत. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मधल्या सोळा वर्षांत दलित वस्त्यांनी काय सोसलं ते तुमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्या काळी अफवा सायकलवरून जायची. १ सप्टेंबर २०२३ च्या अंतरवाली सराटीतल्या लाठीमारानंतर जालना-बीड पट्ट्यात मराठा-ओबीसी ताण वाढला तेव्हा अफवा फोनवरून गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट बंद केलं होतं. नेट परत आलं की अडकलेले मेसेज एकदम येऊन पडतात आणि त्यांतलं आधीचं कोणतं, नंतरचं कोणतं हे कळत नाही. अशा दिवसांत तुमच्या टोपणनावाच्या खात्यावरून काहीही पुढं ढकलू नका, खरं वाटत असलं तरी.

कायद्याचं सांगायचं तर दोन समाजांत तेढ वाढवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली येतं, धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणं २९९ खाली, अफवा पसरवणं ३५३ खाली, बदनामी ३५६ खाली. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून अपमान केला तर ॲट्रॉसिटीचा कायदा आहे. दुसऱ्याचा फोटो आणि नाव घेऊन त्याच्यासारखं खातं काढणं हे टोपणनाव होत नाही, ती तोतयेगिरी आहे आणि आयटी कायद्यात त्याला शिक्षा आहे.

'सरपंचानं पैसे खाल्ले' असं लिहू नका. 'या कामावर इतके रुपये खर्च दाखवले आहेत, जागेवर हे असं आहे, फरक कोणी समजावून सांगेल का' असं लिहा. दुसरं वाक्य जास्त बोचतं.

गटाचे ॲडमिन असाल तर एवढं माहीत असू द्या. सदस्यानं काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून फक्त ॲडमिन आहे एवढ्यावर ॲडमिन दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलं आहे.

सापडलात तर

गावाला कळलं तर पहिले दोन दिवस काही बोलू नका. हो नको, नाही नको. खातं घाईनं पुसू नका, पुसलं की ती कबुलीच समजतात. धमकी आली तर तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा, मेसेज जपून ठेवा. धमकी देणं हा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ३५१. कोणी तुमचा पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती टाकली तर त्या समाजमाध्यमाच्या तक्रार अधिकाऱ्याकडं तक्रार करा. असा अधिकारी नेमणं कंपन्यांना बंधनकारक आहे. समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडं ऑनलाइन अपील करता येतं.

पोलिस ठाण्यातून फोन आला तर घाबरून पळत जाऊ नका. लेखी नोटीस मागा. बहुतेक वेळा ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३५(३) ची असते, म्हणजे अटक न करता चौकशीला बोलावणं. अशी नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. नोटीस रीतसर मिळाली की मात्र जायलाच हवं, वकिलाला सांगून. मार्च २०२५ मध्ये एका कवितेवरून दाखल झालेला गुन्हा रद्द करताना त्याच न्यायालयानं आणखी एक गोष्ट सांगितली. लिहिण्या-बोलण्याबद्दलच्या ज्या गुन्ह्यांना तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा आहे, त्यांत गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करणं योग्य. त्याच संहितेचं कलम १७३(३). हा आकडा वकिलाला आठवून द्या, तालुक्याच्या ठिकाणी तो दरवेळी निघत नाही.

नोटीस आल्यावर पोस्ट, चॅट, खातं काहीही पुसू नका. मूळ पोस्टपेक्षा पुरावा नष्ट केल्याचा आरोप जड जातो. फोन जप्त केला तर पंचनाम्याची प्रत मागा. झडती-जप्तीचं चित्रीकरण करणं त्याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणे बंधनकारक आहे, ते झालं का विचारा. अटक झालीच तर २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं, आणि आवडीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क संविधानाच्या कलम २२ चा आहे. बाईला सूर्यास्तानंतर सहसा अटक करता येत नाही. अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्यानं दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी लागते.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अटकेत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. राष्ट्रीय विधी सेवेचा नंबर १५१०० आहे. गुन्हा रद्द करून घ्यायला मुंबईला जावं लागत नाही. छत्रपती संभाजीनगरला उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली तिथं अर्ज करता येतो.

१५१०० हा नंबर आणि तुमच्या वकिलाचा नंबर फोनमध्ये ठेवून भागणार नाही, कारण फोन गेला की दोन्ही जातात. एका चिठ्ठीवर लिहा, आणि घरातल्या ज्या माणसाला रात्री बारा वाजताही ती सापडेल त्याच्याकडं आजच देऊन ठेवा.